शिलाईत गेलेली ओळ

"बाई, आता सगळं ऑनलाइन झालंय, मग तुमचं काम काय?" हा प्रश्न नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला की मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. नुसतं मागच्या कपाटाकडं बोट दाखवायची. लोक कपाट बघायचे, त्यावरच्या उंदराच्या लेंड्या बघायचे आणि "अरेरे" म्हणून निघून जायचे.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत मी अभिलेखापाल होते. तालुक्याचं नाव घेत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून नोकरीत आहेत. अभिलेखापाल हा शब्दही फक्त पगारपत्रकावर. बाकी सगळ्यांना मी 'रेकॉर्डवाल्या स्वामीबाई'. माझं माहेर वालूर, सासर सेलू. नवरा गेल्यावर त्यांच्या जागी लागले. पहिली काही वर्षं टपाल पाहिलं, मग एका साहेबांशी वाद झाला आणि त्यांनी मला रेकॉर्ड रूमला पाठवलं. कचेरीत ही शिक्षा समजतात. ज्याचं कुणाशी पटत नाही, ज्याचा रक्तदाब वाढलाय, जो दुपारी डुलक्या घेतो, त्याला रेकॉर्डला टाकतात. मी तिथं सतरा वर्षं काढली आणि निवृत्तही तिथूनच झाले.

लोकांना वाटतं, रेकॉर्ड ठेवणं म्हणजे गठ्ठे रचणं. गठ्ठे कुणीही रचेल. आमचं काम कागद शोधून काढण्याचं. फाइल आली की तिची पानं मोजायची, आकडे टाकायचे, सुई-दोऱ्यानं शिवायची, कोणता कागद कायमचा आणि कोणता काही वर्षांनी फाडायचा ते ठरवायचं, गावानुसार कपड्यात बांधायची. त्या बांधलेल्या गठ्ठ्याला आमच्याकडं निजामाच्या काळापासून बस्ता म्हणतात. मग तीस वर्षांनी एखादा माणूस येतो, त्याला त्यातला एकच कागद पाहिजे असतो. तो अर्ध्या तासात हातात पडला तर तुम्ही काम केलं. नाही पडला तर तुम्ही नुसते रखवालदार.

आणि खोली कशी? अर्धी खोली निवडणुकीच्या जुन्या पेट्यांनी भरलेली. एका कोपऱ्यात जप्त केलेल्या वाळूच्या ट्रॅक्टरची बॅटरी. स्लॅबमधून पाणी गळायचं ते नेमकं सर्वांत जुन्या बस्त्यांवर. मी चार साहेबांना चार अर्ज दिले. पाचव्या साहेबांनी उत्तर दिलं, "बाई, बस्ते दुसरीकडं सरकवा." सरकवले. मग पाणी तिकडंही गळायला लागलं.

गिऱ्हाइकंही एकेक. एकजण आला, म्हणाला, "आज्याचा कागद पाहिजे." आज्याचं नाव काय? "आमी बापू म्हनायचो." गाव? "तवा कुटं ऱ्हात होते काय की." दुसऱ्यानं मला उताऱ्याचा लॅमिनेट केलेला तुकडा दाखवला आणि अभिमानानं म्हणाला, "बगा, कसा जपलाय!" आतला कागद तपकिरी होऊन अक्षरं उडून गेलेली. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन या दोन गोष्टींनी जेवढे कागद मारले तेवढे वाळवीनं मारले नसतील. हे मी एका बोर्डावर लिहून दिलं होतं. तो बोर्ड कुणीतरी चिकटपट्टीनं लावला.

आमच्याकडचं जुनं दफ्तर उर्दूत. निजामाचं राज्य होतं, मुन्शी उर्दूत लिहायचे, तेही नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, न देता, भरभर. ते वाचणारी माणसं तालुक्यात आता बोटावर मोजण्याइतकी. त्यांतले एक हमीद मास्तर, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. रेकॉर्डला आल्यावर मी त्यांच्याकडं जाऊन म्हटलं, मला शिकवा. ते हसले नाहीत. म्हणाले, "बेटी, वही आण. शुक्रवार सोडून रोज पाच वाजता." दोन वर्षं शिकले. अक्षरं कळायला लागली, आकडे वाचता यायला लागले. पण मुन्श्याचं घाईतलं अक्षर समोर आलं की अजूनही मास्तरांकडं धाव.

हे सगळं चालू असताना स्कॅनिंग आलं.

वरून आदेश आला की सगळं जुनं दफ्तर स्कॅन करायचं. मी खूश झाले होते, खोटं कशाला सांगू. वाटलं, एकदा फोटो निघाले की मूळ कागदाला कुणाचे हात लागणार नाहीत. मग एजन्सीची माणसं आली. त्यांच्यातल्या एकालाही उर्दू येत नव्हतं. नोंदींची मराठी यादी करणाऱ्यांना कुणीतरी एक तक्ता दिला होता, या शब्दाला हे लिहा, त्या शब्दाला ते लिहा. रजिस्टर उघडून काचेवर पालथं घालायचं, दाबायचं, पान उलटायचं. शिलाईजवळचा भाग काळा यायचा. मी सुपरवायझरला म्हटलं, "दादा, शिलाई उसवून घ्या. कडेचं दिसत नाही."

"मॅडम, रोजचा आकडा गाठायचा असतो. एकेक रजिस्टर उसवत बसलो तर दिवाळी येईल."

"येऊ द्या की."

तो हसला. मी साहेबांना लेखी दिलं. त्यावर शेरा आला, 'पाहिले.' आमच्या कचेरीत 'पाहिले' या शब्दाचा अर्थ काहीही होणार नाही असा असतो.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगण्यासाठीच हे लिहायला बसले आहे. स्कॅन झाल्यावर प्रत्येक गावासाठी एक प्रमाणपत्र लागायचं: 'मूळ अभिलेखाशी पडताळून पाहिले, बरोबर आढळले.' सही अभिलेखापालाची. सुरुवातीला मी पान पान ताडून सही करत होते. आठवड्याला एक गाव व्हायचं. मग एके दिवशी साहेबांनी बोलावलं. उद्या वरच्यांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, तालुका सर्वांत मागं, अठरा गावांची प्रमाणपत्रं बाकी.

"साहेब, तपासायला वेळ लागतो."

"तपासलेलंच आहे समजा. मशीननं फोटो काढलाय, मशीन खोटं बोलतं का?"

मी त्या दुपारी अठरा सह्या केल्या. कुणी हात धरला नव्हता. फार तर बोलणी खावी लागली असती. पण त्या दिवशी मला पाच वाजता घरी जायचं होतं, डोकं उठलं होतं, आणि रोज भांडायचा कंटाळा आला होता. एवढंच कारण.

पुढच्या वर्षी शिवलिंगअप्पा आले. सत्तरीचा माणूस, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा रुमाल. एका गावात त्यांचं किराणा दुकान. दारातच उभे राहिले.

"बाई, आमचं मसनवटं कागदावर न्हाई म्हनायलेत."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, आम्ही लिंगायत मृताला जाळत नाही, पुरतो. बसवून पुरतो. प्रत्येक गावात त्यासाठी जागा असते. अप्पांच्या गावातली अर्धा-पाऊण एकराची, ओढ्याच्या कडेला, बाभळीखाली. कुणी कुंपण घातलं नाही, कुणी बोर्ड लावला नाही, कारण कुणाला गरज वाटली नाही. आता सौर प्रकल्पासाठी सरकारी पडीक जमिनी शोधणं चालू होतं. ऑनलाइन यादीत त्या तुकड्यापुढं 'सरकारी पड' असं आलं. मोजणीवाले येऊन समाध्यांवर चुन्याच्या खुणा करून गेले. सोमवारी जेसीबी येणार होता. अप्पा आले तो बुधवार.

"माजी मालकीन तितं बसलीय," अप्पा म्हणाले. "दोन वर्सं झाली. तिच्यावरून मशीन नेनार का हे लोक? साहेब म्हनतेत, पुरावा आना. आमी काय पुरावा आनावा? मानसं उकरून दाखवावी का?"

मी संगणकावर ते पान काढलं. रकाने बरोबर होते: मालक सरकार, वापर पड. पुढं काही नाही. खाली त्याची मराठी यादी टंकलेली, आणि सर्वांत खाली प्रमाणपत्रावर माझी सही.

सहीजवळची तारीख बघितली. त्या अठरांतलं गाव.

मूळ रजिस्टरं तोवर कचेरीमागच्या गोदामात गेली होती. स्कॅन झालंय, आता जागा कशाला अडवायची, म्हणून ती नाश करायच्या यादीत घातली होती. मंजुरी तेवढी यायची होती. गोदामात शिरले, शिंका देत देत तीन बस्ते सोडले आणि ते रजिस्टर सापडलं. पान उघडलं आणि पहिल्यांदा लक्षात आलं की उजवीकडून लिहिलेली उर्दू वही कुणीतरी मागं कधीतरी मराठी वहीसारखी डावीकडं शिवली होती. बाइंडर बिचारा त्याच्या सवयीनं शिवून गेला. पण उर्दूत शेवटचा रकाना डावीकडं येतो, आणि शेवटचा रकाना म्हणजे 'कैफियत', शेरा. सगळी गोम त्यात असते. तो अख्खा रकाना शिलाईत गेला होता. वर मथळ्याचं अर्धं अक्षर तेवढं दिसत होतं.

असं रजिस्टर उसवायला परवानगी लागते. मी टिपणी लिहिली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवली. तोपर्यंत साहेब बदलले होते. नवे साहेब वाईट नव्हते, फक्त त्यांच्या टेबलावर सतत पन्नास कागद असायचे. त्यांनी फोनवर बोलता बोलता न वाचता सही केली. मला बोलायला तोंड नव्हतं. मीही तशाच सह्या केल्या होत्या.

घरून शिवणकामाच्या डब्यातली छोटी कात्री आणली. तलाठ्याला शेजारी उभं केलं, एकेक टाका कापला. कागद कुरकुरत उघडला. कैफियतीच्या रकान्यात त्या तुकड्यापुढं तीन शब्द होते. पहिला मला लागला: कब्रस्तान. पुढचा लागत होता, पण माझी मलाच खात्री वाटेना. मन जे मागतंय तेच डोळे वाचतायत की काय, असं झालं.

मूळ कागद कचेरीबाहेर नेता येत नाही. म्हणून मास्तरांनाच रिक्षानं आणलं. एका डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. साहेबांच्या केबिनमध्ये टेबलावर रजिस्टर ठेवलं. मास्तरांनी भिंग धरलं आणि ओळीवरून उजवीकडून डावीकडं सरकवत नेलं.

"कब्रस्तान लिंगायत, कदीम," शेवटी म्हणाले. "कदीम म्हणजे जुनं, पूर्वापार."

साहेबांनी मास्तरांकडं बघत कपाळाला हात लावला. "कब्रस्तान म्हणजे आता आणखी एक भानगड. उद्या तुमचा समाज म्हणेल, जागा आमची."

मास्तरांनी चष्मा काढला. "साहेब, आमच्या कब्रस्तानची नोंद ह्याच पानावर आहे. वरून पाचवी ओळ. तिथं लिहिलंय 'अहले इस्लाम'. गावाच्या त्या बाजूला आहे, माझे मामू तिथं आहेत. ही जागा अप्पांच्या लोकांची. जिथं माणूस पुरतात त्याला मुन्शी दुसरं काय लिहील?"

"पण हा शब्द लिंगायतच कशावरून? नुक्ते तर नाहीत."

"हा गाफ बघा, आपला 'ग'. वर दोन रेघा. मुन्शी नुक्ते गाळायचा, रेघा नाही गाळायचा. बेटी, तू वाच."

मी वाचलं. साहेब माझ्याकडं बघत होते. "स्वामीबाई, राग मानू नका. तुम्ही त्यांच्यातल्याच. कुणीही म्हणेल, बाईंनी सोयीचं वाचलं."

"म्हणून तर मास्तरांना आणलं, साहेब."

"ते ठीक. पण ही दुसरी अडचण बघा." त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. "इथं तुमचंच प्रमाणपत्र आहे की स्कॅन मूळ कागदाशी ताडलं, बरोबर आहे. आणि आता तुम्हीच म्हणता, एक रकाना आलाच नाही. दोन्ही खरं कसं? वरचे हेच विचारणार."

अप्पा दाराशी उभे होते, त्यांना यातलं काही कळत नव्हतं.

"प्रमाणपत्र खोटं आहे," मी म्हटलं. "मी न तपासता सही केली होती."

साहेबांनी आवाज खाली केला. "बाई, तुमचे पाच महिने राहिलेत. तोंडी बोललात ते मी ऐकलं नाही. घरी जा, विचार करा."

बाहेर येऊन मुलीला फोन केला. ती नांदेडला असते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, सही करायला लावणारे सुटणार आणि तू अडकणार." तिचं खरं होतं. कॅन्टीनच्या बाकावर मी चहा घेत बसले. अप्पा पलीकडं बसले होते. त्यांनी काहीही विनवणी केली नाही. नुसतं विचारलं, "बाई, सोमवारच्या आत व्हईल का काई?"

मी आत गेले आणि दीड पान लिहिलं. तारीख, वेळ, किती गावं, किती सह्या, का केल्या. 'दबावाखाली' हा शब्द एकदा लिहिला आणि खोडला. दबाव होता, पण हात माझा होता. मास्तरांचं भाषांतर जोडलं, उसवलेल्या पानाचा फोटो जोडला, तलाठ्याची साक्ष जोडली. साहेबांनी या वेळी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग स्वतः गाडी काढून जिल्ह्याला गेले. त्याबद्दल त्यांना मानते.

शुक्रवारी संध्याकाळी काम थांबवल्याचं पत्र आलं. सोमवारी जेसीबी आला तो पत्र बघून परत गेला. अप्पांच्या गावच्या नोंदीत दुरुस्ती व्हायला पुढं तीन महिने लागले, पण झाली.

मला कारणे दाखवा नोटीस आली. 'कर्तव्यात कसूर.' उत्तरात मी एकच वाक्य लिहिलं: कबूल आहे. निवृत्तीच्या आधी पंधरा दिवस सेवापुस्तकात ठपका नोंदवला गेला. स्कॅनिंगच्या एजन्सीला मात्र समाधानकारक कामाचं प्रमाणपत्र मिळालं आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली, असं ऐकलं. ज्या साहेबांनी व्हीसीसाठी सह्या घेतल्या त्यांची बढती झाली. मला यात नवल वाटलं नाही, पण राग अजून येतो. रात्रीच्या जेवणाला बसले की येतो.

निरोपाच्या दिवशी अप्पा आले. शाल-श्रीफळ नव्हतं. लाल मांजरपाटाचा अख्खा ताका खांद्यावर घेऊन आले होते. "तुमच्या बस्त्यांची कापडं लय फाटलीत, बाई. त्या दिशी बगितलं." माझ्या सबंध नोकरीत रेकॉर्डसाठी कुणी काही आणलं असेल तर ते हे. कचेरीनं ते घेतलं नाही. देणगी स्वीकारायची तरतूद नाही म्हणे. ताका परत न्यायला अप्पा तयार होईनात, शेवटी मी घरी आणला.

आता राहिली सतरा गावं. निवृत्त व्हायच्या आधी मी लेखी मागितलं होतं की त्या सगळ्यांची मूळ रजिस्टरं पुन्हा ताडावीत आणि तोवर नाश करू नयेत. दुसरी मागणी मान्य झाली, 'पुढील आदेशापर्यंत'. पहिलीवर उत्तर आलं की ज्या गावाची तक्रार येईल त्या गावापुरतं पाहू. अहो, तक्रार कोण करणार? ओळ शिलाईत गेलीय हे ज्याचं गेलंय त्याला कळायला तर पाहिजे! निवृत्तीनंतर पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं: 'आपण सेवानिवृत्त असल्याने सदर बाबीशी आपला संबंध राहिलेला नाही.'

मग मी माहितीच्या अधिकारात रजिस्टर बघायला मागायला लागले. एका वेळी एक गाव. सेलूहून सकाळची बस धरायची, जिथं सतरा वर्षं बसले त्याच खोलीबाहेर बाकावर बसायचं, नाव पुकारायची वाट बघायची. शिलाई उसवता येत नाही, पण दोन पानांमध्ये भिंग आणि छोटी बॅटरी धरली की बरंच दिसतं. न लागणारा शब्द मी वहीत तसाच्या तसा रेखाटून मास्तरांना दाखवते. सगळ्याच वह्या उलट्या शिवलेल्या नाहीत. सात गावं झाली. सहांत काही गेलेलं नाही. पाचवं गाव बघताना एका विहिरीपुढं शेरा मिळाला, की गावाबाहेरच्या वस्तीला तिथं पाणी भरायचा हक्क आहे. विहीर आता एकाच्या शेतात, कुंपणाच्या फाटकाला कुलूप. त्या वस्तीतल्या एका बाईला नक्कल कशी मागायची ते लिहून दिलं. ती म्हणाली, "आमाला ठाव हाय की, बाई. आमची सासू सांगायची. कुनी ऐकत नव्हतं एवडंच."

तिचं प्रकरण अजून चालू आहे.

मागच्या खेपेला माझ्या जागेवर आलेला नवा अभिलेखापाल वैतागला. चाळिशीचा गृहस्थ आहे, त्यालाही कुठल्याशा भांडणावरून तिथं टाकलंय. म्हणाला, "मॅडम, दर पंधरा दिवसांनी तुमचा अर्ज. गोदामात जाऊन जाऊन मला सर्दी झालीय. ऑनलाइन आहे ना सगळं? तुम्हाला यातून मिळतं काय?"

मी त्याला संगणकावर आठव्या गावाचं प्रमाणपत्र काढायला लावलं आणि म्हटलं, "खाली सही कुणाची आहे ते वाचा."

त्यानं वाचली. माझ्याकडं बघितलं. मग ड्रॉवरमधून गोदामाची किल्ली काढली आणि नाकाला रुमाल बांधत उठला.